क्लाइव्हचं नाक

ग्लेनिस ड्रुअरीने टॅमसिनला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, की तुमच्या त्या बाटल्या आमच्या क्लाइव्हवर वाया घालवू नका, त्याला वास येत नाही. तरुणपणी मासेमारीच्या ट्रॉलरवर असताना लोखंडी साखळी तोंडावर बसली, नाक फुटलं, आणि तेव्हापासून त्या नाकाचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरता. हे वाक्य ग्लेनिसने आयुष्यभर इतक्या लोकांना ऐकवलं होतं की ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडे, आणि ते ऐकून क्लाइव्ह दरवेळी ओशाळं हसे. त्या दिवशीही तो उशीवरून तसाच हसला.

टॅमसिन म्हणजे त्या हॉस्पिसमधली तेलवाली. पाटीवर अरोमाथेरपी असा भारदस्त शब्द होता, पण लोक तिला तेलवालीच म्हणत. ग्रिम्सबी बंदराची वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे ते बैठं घर आहे. तिथे आलेला माणूस बरा होऊन परत जात नाही, हे येणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि आणणाऱ्यालाही. वेदनेचं डॉक्टर बघतात, अंथरुणाचं नर्स बघतात, आणि टॅमसिन आपली लाकडी पेटी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते. हातापायांना तेल चोळायचं, आवडीच्या वासाचे दोन थेंब लोकरी कापडाच्या तुकड्यावर टाकायचे आणि तो तुकडा पिनेने कॉलरला लावायचा, एवढंच तिचं काम. त्याने रोग हटत नाही, पण श्वास जरा मोकळा होतो, जीव थाऱ्यावर येतो. बंदरावरची रांगडी माणसं आधी नाक मुरडतात आणि दोन दिवसांनी विचारतात, ती पोरगी आज आली नाही का.

तिचा एक नियम होता. वास रोग्याने स्वतः निवडायचा, आणि निवडताना नात्यातलं माणूस खोलीत नको. जेवायचं काय, कूस कधी बदलायची, खिडकी उघडी की बंद, हे सगळं त्याच्यासाठी दुसरेच ठरवत असतात. निदान वास तरी त्याचा त्याने ठरवावा. बायको उशाशी असली की नवरा बायकोला आवडेल तेच सांगतो, असा तिचा अनुभव होता. म्हणून ती एकटीच रोग्याजवळ बसून कागदाच्या पट्ट्या एकेक करून नाकाशी धरी, आणि ज्या पट्टीला श्वास खोल आत जाई तो वास त्याचा. घरच्यांनी काहीही सांगितलेलं असो, ती एकदा विचारून बघितल्याशिवाय राहत नसे.

ग्लेनिसला यातलं काही माहीत नव्हतं. ती धुतलेले पायजमे आणायला घरी गेली होती.

क्लाइव्हच्या त्या बंद नाकावर ग्लेनिसचा सगळा संसार उभा होता. लग्नाआधी ती बंदरामागे मासे धुरावण्याच्या भट्टीत कामाला होती. हॅडॉकच्या फाका सळ्यांना टांगायच्या, खाली लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा आणि त्या सोनेरी झाल्या की उतरवायच्या. तो वास कातडीत मुरतो. ग्लेनिस अर्ध्या लिंबाने बोटं घासे, कोपरं घासे, केस दोनदा धुई. मग तिच्या अंगाला लिंबू, धूर आणि मासा असा तिहेरी वास येई. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. नाचाच्या हॉलमध्ये एक मुलगा हौसेने जवळ आला, आणि बुटाची नाडी सुटल्याचं निमित्त करून जो गेला तो गेलाच. बाविसाव्या वर्षी तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की आपलं काही जमायचं नाही.

आणि मग एका संध्याकाळी, अर्धी बस मोकळी असताना, क्लाइव्ह येऊन तिच्या शेजारी बसला. ती अंग चोरून खिडकीकडे सरकली आणि म्हणाली, मी भट्टीवरून येतेय, तुम्हाला त्रास होईल. तो म्हणाला, मला कसला त्रास, मला वासच येत नाही, आणि नाकावरचा वण दाखवला. तिला वाटलं, देवाने हा माणूस खास आपल्यासाठी फोडून पाठवलाय.

लग्न झालं आणि ती त्याचं नाक झाली. दूध नासलंय का, टोस्ट करपतोय का, हे तर झालंच. पण बिचाऱ्याला जगातली निम्मी मजा कळत नाही याचं तिला इतकं वाईट वाटे, की ती त्याला वास सांगत बसे. शेजाऱ्याने गवत कापलं की सांगे, कुणी काकडी चिरल्यासारखं वाटतंय बघ. मुलगी झाली तेव्हा तिच्या टाळूला नाक लावून म्हणाली होती, क्लाइव्ह, कोमट दूध आणि नव्या लोकरीचा वास येतोय. तो डोळे मिटून ऐके आणि म्हणे, अजून सांग. भट्टीवरच्या बायका तिचा हेवा करत. तुझा नवरा तुझं ऐकतो तरी, आमचे पेपरातून डोकं वर काढत नाहीत, असं म्हणत.

एकदा क्लीथॉर्प्सच्या एका कापडदुकानात तिला काम मिळत होतं. स्वच्छ काम, हातात कात्री आणि टेप, दिवसभर कोऱ्या कापडाचा वास. तिने क्लाइव्हला विचारलं. तो बराच वेळ चहा ढवळत राहिला आणि म्हणाला, तुझं तू ठरव. तिने विचार केला, भट्टीवरच्या बायका ओळखीच्या, आणि घरी कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबतायत? तिने दुकानाला नाही म्हणून कळवलं आणि भट्टी बंद पडेपर्यंत तिथेच राबली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुणीतरी सेंटची बाटली दिली, तीही तिने नणंदेला, मॅव्हिसला, देऊन टाकली. हुंगणाराच नाही तर सेंट लावायचं कुणासाठी?

तर ती पायजमे घेऊन परत आली तेव्हा टॅमसिन पेटी आवरत होती. क्लाइव्हच्या कॉलरला पांढरा तुकडा लावलेला होता आणि खोलीभर लिंबाचा वास सुटला होता.

"अहो, कशाला वाया घालवलंत," ग्लेनिस म्हणाली. "त्याला काय कळणार?"

"चांगलं कळतंय की!" टॅमसिन खुशीत होती. "लॅव्हेंडर हुंगून म्हणाले, शेजारच्या म्हातारीच्या कपाटात कोंडल्यासारखं वाटतंय. लिंबाची पट्टी मात्र सोडायला तयार नव्हते. त्यात मिसळायला आणखी एक हवाय त्यांना. तो माझ्याकडे नाही, मागवते मी."

ती आपल्याच आनंदात होती, त्यामुळे ग्लेनिसच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष जरा उशिरा गेलं. आपण काहीतरी बोलून बसलोय एवढं तिला समजलं. ती पेटी उचलून निघून गेली.

ग्लेनिसने पायजमे घडी न मोडता खणात ठेवले. औषधाच्या गुंगीत काहीतरी बरळला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग खुर्ची ओढून त्याच्या तोंडासमोर बसली.

"क्लाइव्ह, तुला वास येतो?"

त्याने डोळे उघडले. खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं, आणि तेवढं आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"येतो."

"कधीपासून?"

"साखळी लागली तेव्हा गेला होता. नाक बरं झाल्यावर आला परत."

"म्हणजे बसमध्ये..."

"येत होता."

बाहेरून चहाची गाडी खडखडत गेली. कुणीतरी दारातून डोकावून चहा हवा का विचारलं, आणि ग्लेनिसने मानेनेच नको म्हटलं.

"मग खोटं का बोललास?"

"तू उठून गेली असतीस, ग्लेन." दोन शब्दांमध्ये तो दम खात होता. "लग्न झालं की सांगणार होतो. तोवर तू मला ते सगळं सांगायला लागली होतीस. गवताचं, पोरीच्या टाळूचं. खरं सांगितलं असतं तर ते थांबलं असतं."

पन्नास वर्षं ग्लेनिस एका आंधळ्याला हाताला धरून जग दाखवत होती, आणि आंधळा डोळे उघडे ठेवून मजा बघत होता. त्या गवताचा वास त्याला तिच्याआधी आलेला असायचा. तरी तो तिला शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवायला लावायचा, अजून सांग, अजून सांग. आणि तेही एक वेळ सोडा. भट्टीवरून आल्यावर ज्या एका माणसाच्या कुशीत ती अंग न चोरता शिरायची, कारण त्याला काही कळत नाही, त्याला सगळं कळत होतं. तो तिथे पडून काय करत होता? श्वास रोखून धरत होता? कीव करत होता? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं.

"आणि ते कापडदुकान?" ती म्हणाली. "मी तुला विचारलं होतं, क्लाइव्ह. चारचौघींसारखं स्वच्छ राहता आलं असतं मला. तू चहा ढवळत बसलास."

"ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं होतंस."

त्याने पांघरुणावरचा हात तिच्याकडे सरकवला. "ग्लेन, तुझा वास..."

"एक शब्द बोलू नकोस," ती म्हणाली. "त्याबद्दल एक शब्दही मला ऐकायचा नाही."

क्लाइव्ह गप्प बसला. तसा तो बायकोच्या शब्दाबाहेर कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅव्हिस द्राक्षं घेऊन भावाला बघायला आली. ग्लेनिसने तिला व्हरांड्यातच गाठलं आणि विचारलं, तुला माहीत होतं का. मॅव्हिस ऐंशी ओलांडलेली, पाय थकलेले, पण जीभ धडधाकट.

"अगं, ते होय?" ती बाकावर टेकत म्हणाली. "ते तर आई होती तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक. नाताळात तू टर्कीचा वास त्याला समजावून सांगायचीस ना, तेव्हा आम्ही टेबलाखालून एकमेकांना लाथा मारायचो, हसू आवरायला. तुमच्या लॉरेनने तर लहानपणीच पकडलं होतं त्याला, पॅनकेक हुंगताना. त्याने ताकीद दिली होती, आईला कळलं तर बघ म्हणून."

"लॉरेनला माहीत आहे?"

"बापाची लाडकी ना ती. पोटात ठेवलं तिने. पण वाईट नव्हतं गं कुणाच्या मनात. तू किती छान सांगायचीस."

ग्लेनिसने विचारलं, आणि ते सेंट? मॅव्हिस जरा घुटमळली. मग म्हणाली की क्लाइव्हच म्हणाला होता, देतेय तर घेऊन टाक, उगाच काही बोलू नकोस. चांगलं होतं सेंट, बरेच दिवस पुरलं.

नणंद, सासू, पोटची पोर. सगळ्या घराने तिला मध्ये बसवून खेळवलं होतं, आणि ती आपली घराचं नाक म्हणून मिरवत होती. ग्लेनिसला भर दुपारी रस्त्यात कुणी पदराला, म्हणजे झग्याला, हात घातल्यासारखं झालं. ती रडली नाही. तिने द्राक्षं धुऊन वाटीत ठेवली, मॅव्हिसला टॅक्सीपर्यंत पोचवलं आणि परत येऊन नवऱ्याच्या ओठांना क्रीम लावलं.

त्यानंतर ती रोज येत राहिली. त्याची दाढी करी, नखं कापी, उशी उलटवी. बघणारे म्हणत, बायको असावी तर अशी. पण तिने त्याला एकही वास सांगितला नाही. मे महिना होता. बाहेर माळी गवत कापत होता आणि उघड्या खिडकीतून तो काकडीसारखा हिरवा वास सरळ पलंगावर येत होता. क्लाइव्हने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता हे तिला कळलं. तिने शब्दकोड्यात मान घातली. सूड म्हणावा तर हाच तिच्या हातात होता, आणि तो तिने पुरेपूर उगवला.

मात्र आतून एकच गोष्ट तिला कुरतडत होती. त्याला तिचा वास कसा वाटत होता? खोटं का बोलला, किती जणांना सांगितलं, हे आता कळून चुकलं होतं. पण त्या बसपासून परवापर्यंत तो तिच्या शेजारी झोपला ते नाक दाबून की कसं, एवढं तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो सांगायला निघाला होता आणि तिनेच त्याचं तोंड बंद केलं होतं. रोज येताना ती ठरवी, आज विचारू. आणि त्याचा तो वाट बघणारा चेहरा दिसला की राग पुन्हा उसळे, आणि ती म्हणे, उद्या.

मग एका सकाळी नर्सने तिला दारातच थांबवून हळू आवाजात सांगितलं की रात्रीपासून ते बोलत नाहीयेत. आता बहुधा बोलणार नाहीत. ऐकू येत असेल, तुम्ही बोलत राहा. ग्लेनिस आत गेली. क्लाइव्हचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि श्वास वरवरचा, घाईचा झाला होता. कॉलरचा तुकडा केव्हाच सुकून गेला होता.

ती बोलली नाही. काय बोलणार? गवताचं सांगायचं तर ते त्याला माहीत होतं. आणि विचारायचं तर उत्तराची वेळ टळून गेली होती. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

दुपारी टॅमसिन आली. दारात जरा बिचकली, कारण त्या दिवसापासून ती ग्लेनिसला चुकवत होती. तिच्या हातात एक छोटी काळसर बाटली होती.

"तो दुसरा वास आला," ती म्हणाली. "त्यांनी मागितलेला. आता उपयोग आहे की नाही कोण जाणे, पण मागितला होता म्हणून आणलाय."

"कसला वास?"

"धुराचा. झाडाच्या डांबरातून काढतात. खरं सांगू का, हा कुणी मागत नाही, लोक नको म्हणतात. मी म्हटलं, फुलांचा देते, समुद्राचा देते. म्हणाले, नको, लिंबू आणि धूर. आणि तिसरा एक असतो, पण तो तुझ्या पेटीत असणं शक्य नाही, असं म्हणून हसले. मला काही कळलं नाही."

ग्लेनिसला कळलं. टॅमसिनने बशीत बदामाचं तेल घेतलं, त्यात लिंबाचे दोन थेंब टाकले, काळ्या बाटलीतला एक, आणि बोटाने फिरवून बशी तिच्यापुढे धरली. ग्लेनिसने वाकून वास घेतला आणि ती बाविसाची झाली. संध्याकाळची बस, काचेवरचं धुकं, घासून घासून लाल झालेली आपली बोटं आणि शेजारची मोकळी जागा.

तिने मान वर केली तेव्हा टॅमसिनचे डोळे भरून आले होते. आता तिलाही अंदाज आला होता.

"म्हणजे हा तुमचाच का?" तिने विचारलं. "किती प्रेम असेल हो त्यांचं."

दुसरी कुणी असती तर इथे विरघळली असती. ग्लेनिसचं रक्त उसळलं. त्याला आवडत होता! नाक दाबून झोपला असता तर तिने समजून घेतलं असतं. सहन केलं बिचाऱ्याने, लाज राखली, म्हणून हळूहळू माफही केलं असतं. पण त्याला आवडत होता, मरताना उशाशी हवा होता इतका आवडत होता, आणि त्याने सांगितलं नाही. अख्खं आयुष्य ती असं समजत जगली की आपल्या अंगाला घाण येते, आणि ज्याला वास येत नाही असाच पुरुष आपल्याला घेईल. कुठल्याही लग्नाला गेली की ती भिंतीशी उभी राही. नातवंडांना उचलून घेण्याआधी आजही हात धुवायला जाई. एक वाक्य पुरलं असतं. मला तुझा वास आवडतो, ग्लेन. ते वाक्य त्याच्याजवळ पहिल्या दिवसापासून होतं, आणि कंजूषाने पन्नास वर्षं ते एकट्याने हुंगलं.

"बशी राहू दे," ती टॅमसिनला म्हणाली. "मी बघते."

टॅमसिन गेल्यावर तिने दार लोटलं. कापडाचा तुकडा तिने घेतलाच नाही. बशीतलं तेल तळहातावर ओतलं आणि पूर्वी लिंबू घासायची तसं बोटांना, बोटांच्या बेचक्यांना, मनगटाला चोळलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि दोन्ही हात त्याच्या तोंडाजवळ ओंजळीसारखे धरले.

क्लाइव्हची छाती वर आली. खोल, अगदी तळापर्यंत, कितीतरी दिवसांत आला नव्हता असा श्वास. कपाळावरची आठी गेली. पुन्हा एक.

"आता तू सांग," ग्लेनिस म्हणाली. "इतकी वर्षं मी सांगितलं. कसा येतोय ते आता तू सांग. मी ऐकतेय."

खिडकीबाहेर माळ्याचं यंत्र बंद पडलं होतं. तिचे हात भरून आले, पण तिने ते खाली घेतले नाहीत. तिने त्याच्या ओठांकडे पाहत वाट बघितली, जशी तो तिची बघायचा. त्याने आणखी एकदा भरभरून श्वास घेतला, आणि नेहमीसारखंच सगळं स्वतःपाशी ठेवून घेतलं.